उंच पर्वतावरील खड्या चढावर सर्वांत हलका गिअरही जड पडतो: लक्षणे, तपासण्या आणि उपाय

लक्षणे

या बिघाडाची तक्रार माझ्याकडे जवळजवळ नेहमी एकाच साच्यात येते. सायकल सपाटीवर आणि नेहमीच्या टेकड्यांवर उत्तम चालते. परंतु अडीच-तीन हजार मीटरच्या वर, ७-८ टक्क्यांचा चढ संपता संपत नाही अशा ठिकाणी, चेन मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावर आणि पुढच्या सर्वांत लहान चेनरिंगवर (पेडलजवळच्या दातेरी चकतीवर) असूनही पाय जेमतेम फिरतात. पेडलचा वेग मिनिटाला ४५ फेऱ्यांच्याही खाली येतो, प्रत्येक फेरीच्या वरच्या टोकाला सायकल थबकल्यासारखी होते, हँडल दोन्ही बाजूंना ओढावे लागते आणि चढ जरा तीव्र झाला की उभे राहून पेडल मारण्यावाचून गत्यंतर उरत नाही. उभे राहिल्यावर थोड्याच वेळात धाप लागते आणि पुन्हा सीटवर बसल्यावरही ती लवकर ओसरत नाही. दुसऱ्या दिवशी गुडघ्याच्या वाटीभोवती किंवा वाटीच्या लगेच खाली दुखू लागते. आणखी एखादा गिअर शिल्लक आहे का हे पाहण्यासाठी बोट पुन्हा पुन्हा शिफ्टर, म्हणजे हँडलवरचा गिअर बदलण्याचा खटका, दाबत राहते, आणि तो शिल्लक नसतो.

चढताना चेन उसळत असेल, कटकट आवाज येत असेल किंवा मोठ्या चक्रावर चढलेली चेन आपोआप खाली घसरत असेल, तर तो गिअरच्या निवडीचा प्रश्न नसून जुळवणीचा किंवा झिजेचा आहे. तो पहिल्या दोन तपासण्यांतच सापडतो. डोकेदुखी, मळमळ, तोल जाणे ही लक्षणे तर सायकलची नाहीतच; त्यांच्याविषयी शेवटी लिहिले आहे आणि तो भाग कोणीही गाळू नये.

हा बिघाड एकदा दुरुस्त होऊनही परत का येतो, हे आधी सांगतो. बहुतेक जण गिअरची चाचणी कमी उंचीवर, ताज्या पायांनी आणि रिकाम्या सायकलवर घेतात, तेथे समाधान झाले की कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, एका आकाराने मोठी बसवून मोकळे होतात. पर्वतावर वेग किती उरणार आहे, याचा हिशेब कोणीच केलेला नसतो. गिअर निवडायचा असतो तो त्या उरलेल्या वेगासाठी.

तपासणी १: आहे तो सर्वांत हलका गिअर खरोखर लागतो का?

या तपासणीला पैसे लागत नाहीत, म्हणून ती सर्वांत आधी करावी. मागचे चाक उचलून धरावे, पेडल हाताने फिरवत चेन मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावर न्यावी आणि मागून नीट पाहावे. केबल किंचित लांबून सैल पडलेली असते, किंवा मर्यादा ठरवणारा एल खुणेचा स्क्रू गरजेपेक्षा जास्त आत गेलेला असतो, आणि चेन शेवटून दुसऱ्या चक्रावरच थांबते. पेडल मारणाऱ्याला हे जाणवत नाही; त्याला फक्त गिअर संपले एवढेच कळते.

केबलचा ताण शिफ्टरजवळच्या किंवा डिरेलरजवळच्या (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेजवळच्या) ॲडजस्टरने अर्धा-अर्धा आटा देऊन वाढवता येतो. एल स्क्रूच्या बाबतीत मात्र घाई करू नये. तो गरजेपेक्षा जास्त सैल केला तर चेन मोठ्या चक्राच्या पलीकडे जाऊन आऱ्यांमध्ये अडकते, आणि चढावर पूर्ण जोर लावलेला असताना असे झाले तर आरे, डिरेलर आणि हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) ही तिन्ही एकदम निकामी होतात. मागून पाहताना वरची जॉकी व्हील (डिरेलरमधील चेन फिरवणारी छोटी चकती) मोठ्या चक्राच्या बरोबर खाली, एका सरळ रेषेत दिसली पाहिजे. एवढे झाले की थांबावे. ती रेषा तिरकी दिसत असेल तर हँगर वाकलेला आहे असे समजावे. वाकलेल्या हँगरवर स्क्रू फिरवत बसणे व्यर्थ आहे, कारण एका टोकाचा गिअर जुळला की दुसऱ्या टोकाचा बिघडतो.

तपासणी २: सायकल कोठे अडते आहे का?

चाक उचलून फिरवावे आणि ते किती सहज थांबते ते पाहावे. ब्रेकचे पॅड रिमला किंवा डिस्कला घासत असतील, हबचे (चाकाच्या मधल्या तुंब्याचे) बेअरिंग जास्त आवळलेले असेल किंवा टायरमध्ये हवा कमी असेल, तर सपाटीवर हरवून जाणारा तो रोध ताशी ५-६ किलोमीटरच्या वेगात ठळकपणे जाणवतो. सामान लादल्यावर चाक फ्रेमला किंवा कॅरिअरच्या दांडीला टेकते का, हेही सामान लादूनच पाहावे. समुद्रसपाटीजवळ भरलेल्या टायरमधील दाब ३००० मीटरवर बाहेरची हवा विरळ झाल्यामुळे साधारण ०.३ बारने वाढलेला दिसतो, परंतु थंडीमुळे त्यातील काही भाग कमी होतो. केवळ उंचीसाठी हवा सोडण्याची गरज नसते.

याच वेळी चेनची झीज मोजावी. नव्या चेनच्या २४ अर्ध-इंची टप्प्यांची लांबी ३०४.८ मिलिमीटर भरते, ती ३०६.३ मिलिमीटरच्या पुढे गेली म्हणजे चेन अर्धा टक्का लांबली. ११ आणि १२ स्पीडच्या, म्हणजे मागे तेवढी चक्रे असलेल्या सायकलींच्या, चेन या टप्प्यावर बदलाव्यात. ९ आणि १० स्पीडच्या चेन पाऊण टक्क्यापर्यंत, म्हणजे सुमारे ३०७ मिलिमीटरपर्यंत चालतात. झिजलेली चेन हलक्या गिअरमध्ये अधिक उसळते, कारण चढावर तिच्यावरचा ताण सर्वाधिक असतो.

सीटच्या उंचीकडेही एक नजर टाकावी. सीट फार खाली असेल तर गुडघा जास्त वाकलेल्या अवस्थेत जोर लावतो आणि गुडघ्याच्या पुढच्या भागात दुखते. मग योग्य गिअर असूनही दोष गिअरला दिला जातो.

तपासणी ३: कागद, पेन्सिल आणि हिशेब

सर्वांत जास्त उपयोग याच पायरीचा होतो, तिला खर्च शून्य आहे, आणि नेमकी हीच पायरी लोक गाळतात.

पहिला आकडा आपल्या सायकलचा. पुढच्या लहान चेनरिंगचे दाते मोजावेत, त्याला मागच्या मोठ्या चक्राच्या दात्यांनी भागावे आणि आलेल्या गुणोत्तराला चाकाच्या परिघाने गुणावे. पेडलच्या एका पूर्ण फेरीत सायकल किती मीटर पुढे सरकते, ते यातून कळते. ७०० चाकावर ३२ मिलिमीटरचे टायर असेल तर परीघ सुमारे २.१५ मीटर असतो; २९ इंची माउंटन बाईकवर रुंद टायर असेल तर तो सुमारे २.२९ मीटर आणि २६ इंची चाकावर २.०५ मीटरच्या आसपास असतो. खात्री हवी असल्यास व्हॉल्व्हपाशी जमिनीवर खूण करावी, सायकलवर बसून चाक एक फेरी पुढे न्यावे आणि अंतर टेपने मोजावे. पुढे ३४ आणि मागे २८ दाते असलेली रोड बाईक एका फेरीत सुमारे २.६ मीटर जाते. ३४ आणि ३४ असतील तर २.१५ मीटर, ३० आणि ४० असतील तर १.६ मीटर, आणि माउंटन बाईकवर ३० आणि ५१ असतील तर सुमारे १.३५ मीटर.

दुसरा आकडा आपल्या शरीराचा. त्यासाठी पॉवर मीटर (पेडलवरची शक्ती मोजणारे उपकरण) लागत नाही. कमी उंचीवरच्या एखाद्या लांब चढावर, प्रवासात नेणार तेवढेच सामान लादून, बोलता येईल इतक्या जोराने तासभर चढावे आणि त्या तासात किती मीटर उंची मिळवली ते पाहावे. सामान्य तंदुरुस्तीच्या आणि थोडे सामान असलेल्या सायकलस्वाराचा हा आकडा तासाला ६५० मीटर आहे असे येथे धरू. चढावर वाऱ्याचा रोध नगण्य असतो. जवळजवळ सगळी शक्ती वजन वर उचलण्यात जाते. त्यामुळे हा एक आकडा कोणत्याही चढासाठी वापरता येतो: तासाची उंची भागिले चढाच्या टक्क्यांची दहापट, म्हणजे ताशी किलोमीटरमधील वेग. ६५० भागिले ८० केल्यास ८ टक्क्यांच्या चढावर ताशी ८.१ किलोमीटर येतात.

तिसरा आकडा उंचीचा. ३००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्के उरतो आणि साडेपाच हजार मीटरवर जवळपास निम्मा होतो. शरीराला उंचीची सवय झालेली असली तरी दीर्घकाळ टिकवता येणारी शक्ती २००० मीटरवर अंदाजे ८ ते १० टक्क्यांनी, ३००० मीटरवर १५ टक्क्यांनी, ४००० मीटरवर २५ टक्क्यांनी आणि ५००० मीटरवर ३५ टक्क्यांहून अधिक कमी होते असे धरून चालावे. सवय झालेली नसेल तर घट याहून मोठी असते, आणि व्यक्तीगणिक फरकही बराच पडतो. विरळ हवेत वाऱ्याचा रोध कमी होतो हे खरे आहे, पण ताशी ६ किलोमीटरने चढणाऱ्याला त्याचा काहीच लाभ नाही. गुरुत्वाकर्षण तेवढेच राहते.

आता हे तिन्ही आकडे एकत्र आणू. ६५० मीटर प्रतितास चढणारा ४००० मीटरवर सुमारे ४९० मीटर प्रतितास चढेल. ८ टक्क्यांच्या चढावर त्याचा वेग ताशी ६.१ किलोमीटर, म्हणजे मिनिटाला सुमारे १०२ मीटर असेल. एका फेरीत २.६ मीटर जाणाऱ्या सायकलवर त्याचे पेडल मिनिटाला जेमतेम ३९ फेऱ्या करील. वर दिलेले प्रत्येक लक्षण या एका आकड्यातून उगम पावते. १३५ वॅटची तीच शक्ती मिनिटाला ३९ फेऱ्यांत द्यायची असेल तर १७० मिलिमीटरच्या क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) सरासरी २० किलो वजनाइतका जोर सतत लावावा लागतो. ६५ फेऱ्यांत द्यायची असेल तर १२ किलो पुरतो. गुडघ्यावरचा भार नेमका या फरकाचा असतो.

उंचावर मिनिटाला ६० ते ७० फेऱ्या हे माझ्या मते योग्य लक्ष्य आहे. सपाटीवरच्या ९० फेऱ्यांचा आग्रह तेथे धरू नये, कारण पाय भराभर फिरवण्यातही प्राणवायू खर्च होतो आणि तेथे टंचाई त्याचीच असते. १०२ मीटरला ६२ ने भागल्यास १.६४ मीटर येतात. त्यासाठी पुढे ३० आणि मागे ४०, किंवा पुढे २६ आणि मागे ३४ अशी जोडी लागते. चढ १० टक्क्यांचा असेल तर वेग ताशी ५ किलोमीटरच्या आत येतो आणि १.३ ते १.४ मीटरचा गिअर हवासा वाटतो.

याच्या खाली फार उतरण्यात अर्थ नाही. ताशी ४ किलोमीटरच्या खाली तोल सांभाळण्यासाठीच हँडल सतत वळवावे लागते, आणि सायकल हातात धरून चालणाराही जवळपास तेवढ्याच वेगाने जातो. १.२ मीटरहून हलक्या गिअरसाठी खर्च करणाऱ्यांना मी सहसा परावृत्त करतो. अपवाद फार जड सामानाचा आणि कच्च्या रस्त्याचा.

या हिशेबातून एक अनपेक्षित गोष्टही दिसते. इटलीतील मोर्तिरोलो हा घाट मात्सो गावाच्या बाजूने सुमारे १२.४ किलोमीटर लांब असून सरासरी साडेदहा टक्क्यांचा आहे. त्याचा माथा मात्र १८५२ मीटरवरच आहे. लेहहून खारदुंग ला ही लडाखमधील खिंड सुमारे ४० किलोमीटर दूर आणि ५३५९ मीटर उंच आहे, पण सरासरी चढ ५ टक्क्यांच्या आसपासच भरतो. आपला हाच सायकलस्वार मोर्तिरोलोवर ताशी ५.७ किलोमीटरने आणि खारदुंग लाच्या माथ्याजवळ, रस्ता चांगला असेल तर, ताशी ८ किलोमीटरच्या आसपास चढेल. केवळ आकड्यांनी पाहिले तर अधिक हलका गिअर मोर्तिरोलोसाठी लागतो. उंची ऐकून घाबरण्यापूर्वी चढाचे टक्के पाहावेत, हा धडा यातून मिळतो. परंतु सरासरीवर विसंबूही नये. ५००० मीटरवर वळणाच्या आतल्या बाजूचा ५० मीटरचा १२ टक्क्यांचा तुकडा किंवा उखडलेल्या खडीचा पट्टा जोर लावून पार केला, तर गेलेला दम परत यायला बराच वेळ लागतो. म्हणून हिशेबात सरासरी न घेता, सलग किमान एक किलोमीटर टिकणारा सर्वांत तीव्र चढ घ्यावा आणि त्याहून हलका एक गिअर राखीव ठेवावा.

तपासणी ४: वजन आणि त्याची मांडणी

आपल्या सायकलचे एका फेरीतील अंतर हिशेबातून आलेल्या अंतरापेक्षा जितके टक्के जास्त, ती तूट. ती थोडीच, म्हणजे दहा टक्क्यांच्या आत असेल, तर सुटे भाग विकत घेण्यापूर्वी सामान उपसून पाहावे. एकूण ९० किलोतून ५ किलो कमी केले की चढण्याचा वेग साधारण सहा टक्क्यांनी वाढतो, आणि कॅसेटवर दोन दाते वाढवल्यासारखाच परिणाम मिळतो. सगळे ओझे मागच्या चाकावर असेल तर १० टक्क्यांवर पुढचे चाक हलके पडते आणि सायकल भरकटते. त्यातील काही भाग पुढे हलवावा.

तपासणी ५: मोठी कॅसेट

तूट १० ते २५ टक्क्यांची असेल तर बहुतेकदा उत्तर येथेच मिळते. मात्र मोठी कॅसेट आणून बसवली की काम झाले, असे नसते. चार गोष्टी जुळाव्या लागतात आणि त्यांतील एक जरी चुकली तरी मोडतोड ठरलेली.

पहिली गोष्ट म्हणजे मागचा डिरेलर किती दात्यांपर्यंतचे चक्र पेलतो. उदाहरणार्थ, शिमानोच्या ११ स्पीड १०५ आर७००० मालिकेत आखूड केजचा (जॉकी व्हील धरणाऱ्या पट्ट्यांचा) डिरेलर ३० दात्यांपर्यंत आणि मध्यम केजचा ३४ दात्यांपर्यंत चालतो. दुसरी गोष्ट म्हणजे डिरेलरची एकूण क्षमता, म्हणजे तो किती सैल चेन गोळा करू शकतो. पुढच्या दोन चेनरिंगमधील फरक आणि मागच्या सर्वांत मोठ्या व लहान चक्रांमधील फरक यांची बेरीज त्या क्षमतेच्या आत हवी. पुढे ५० व ३४ आणि मागे ११ ते ३४ असतील तर १६ अधिक २३, म्हणजे ३९ होतात. वर सांगितलेल्या मध्यम केजची क्षमता नेमकी ३९ आहे. तेथे ११ ते ४० ची कॅसेट बसवली तर बेरीज ४५ होते आणि लहान चक्रांवर चेन लोंबकळते. कंपन्या हे आकडे थोडे हात राखून देतात हे खरे असले, तरी एक-दोन दात्यांपलीकडे तो भरवसा धरू नये.

तिसरी गोष्ट फ्रीहबची, म्हणजे मागच्या चाकाच्या ज्या भागावर कॅसेट बसते त्याची. ११ स्पीड रोड कॅसेटसाठी लागणारा फ्रीहब ८, ९ आणि १० स्पीडच्या फ्रीहबपेक्षा १.८५ मिलिमीटर लांब असतो. शिमानोची ११ स्पीड ११ ते ३४ ही कॅसेट मात्र जुन्या १० स्पीडच्या फ्रीहबवरही बसते आणि ११ स्पीड रोडच्या फ्रीहबवर तिच्यामागे १.८५ मिलिमीटरचा स्पेसर (जाडी भरून काढणारी चकती) घालावा लागतो. तो विसरला तर कॅसेट जागेवर धरणारी लॉकरिंग पूर्ण आवळूनही कॅसेट हलत राहते. १० दात्यांपासून सुरू होणाऱ्या कॅसेटला फ्रीहबच वेगळा लागतो.

चौथी आणि सर्वांत धोक्याची गोष्ट चेनच्या लांबीची. मागे सहा दाते वाढवले आणि चेन जुनीच ठेवली, तर पुढे मोठी चेनरिंग आणि मागे मोठे चक्र अशी जोडी चुकून लागताच चेनला जागा उरत नाही आणि डिरेलर हँगरसकट उपटला जातो. दमलेल्या अवस्थेत, घाटाच्या पायथ्याशी, ही चूक सहज होते. म्हणून नवी चेन मोठी चेनरिंग आणि मोठे चक्र यांवरून, डिरेलरमधून न घेता, थेट गुंडाळावी आणि जेथे टोके जुळतात त्याच्या पुढे दोन कड्या, एक आतली व एक बाहेरची, जास्त ठेवाव्यात. ही जोडी वापरायची नसली तरी चेन तेवढी लांब असलीच पाहिजे. मागे सस्पेन्शन असलेल्या सायकलवर मात्र ही लांबी कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणेच ठरवावी.

यानंतर डिरेलरवरील बी-टेन्शन स्क्रू फिरवून वरची जॉकी व्हील मोठ्या चक्रापासून ५-६ मिलिमीटर दूर ठेवावी. मोठ्या माउंटन कॅसेटवर हे अंतर अधिक असते आणि कंपनीच्या पुस्तिकेत किंवा मापपट्टीवर दिलेले असते. जॉकी व्हील चक्राला घासली तर हलक्या गिअरमध्ये एक घरघर ऐकू येते, जी इतर कोणत्याही गिअरमध्ये येत नाही. डिरेलर खाली सरकवणारा हँगर एक्स्टेन्डर काही दाते वाढवून देतो आणि तात्पुरता उपाय म्हणून मला तो मान्य आहे, पण त्याने एकूण क्षमता वाढत नाही, फक्त मोठ्या चक्राची मर्यादा वाढते.

तपासणी ६: लहान चेनरिंग किंवा नवा क्रँक

तूट २५ टक्क्यांहून मोठी असेल, किंवा मागे आधीच शक्य तेवढी मोठी कॅसेट असेल, तर पुढच्या बाजूला हात घालावा लागतो. मागे ३४ च्या जागी ४० दाते आणणे आणि पुढे ३४ च्या जागी २९ आणणे यांचा परिणाम जवळजवळ सारखाच आहे, परंतु पुढे बदल केल्यास मागच्या गिअरमधील टप्पे लहान राहतात. विरळ हवेत हे टप्पे महत्त्वाचे ठरतात, कारण मोठी उडी मारून पुढच्या गिअरमध्ये गेल्यावर श्वासाची लय मोडते.

कोणती चेनरिंग बसेल हे क्रँकच्या बोल्टच्या वर्तुळावर अवलंबून असते. ११० मिलिमीटरच्या वर्तुळावर व्यवहारात ३४ च्या खाली जाता येत नाही आणि १३० मिलिमीटरच्या वर्तुळावर ३८ च्या खाली येत नाही. तीन चेनरिंगच्या जुन्या क्रँकमध्ये ७४ मिलिमीटरच्या आतल्या वर्तुळावर २४ दाते आणि माउंटन क्रँकच्या ६४ मिलिमीटरच्या वर्तुळावर २२ दातेही बसतात. जुना तिहेरी क्रँक बाद समजून फेकून देणाऱ्यांनी हे दोन आकडे वाचावेत. पर्वतासाठी आजही तो सर्वांत स्वस्त उपाय असतो.

४६ व ३० किंवा ४८ व ३१ अशा क्रँकचा पर्याय रोड आणि ग्रॅव्हल सायकलींसाठी चांगला आहे. मात्र शिमानोच्या जीआरएक्स मालिकेत चेनलाइन (फ्रेमच्या मध्यापासून चेनरिंगचे अंतर) २.५ मिलिमीटर बाहेर असल्यामुळे पुढचा डिरेलरही त्याच मालिकेचा लागतो. मोठी चेनरिंग लहान झाली की पुढचा डिरेलर खाली आणावा लागतो. त्याच्या केजची बाहेरची पट्टी मोठ्या चेनरिंगच्या दात्यांपासून १ ते ३ मिलिमीटर वर असावी. फ्रेमवर पक्क्या खाचेत बसणारा डिरेलर पुरेसा खाली येतो का, हे क्रँक विकत घेण्यापूर्वी मोजून पाहावे.

तपासणी ७: डिरेलर, शिफ्टर, की संपूर्ण ड्राइव्हट्रेन (क्रँकपासून कॅसेटपर्यंतची सगळी यंत्रणा)?

रोडचे शिफ्टर आणि माउंटनचा मागचा डिरेलर यांची सांगड घालण्याचा मोह येथे होतो. एका क्लिकमध्ये शिफ्टर किती केबल ओढतो आणि तेवढ्या केबलने डिरेलर किती सरकतो, हे दोन्ही जुळले तरच ती सांगड चालते. शिमानोचे बहुतेक जुने १० स्पीड रोड शिफ्टर ९ स्पीड माउंटन डिरेलरबरोबर चालतात, टियाग्रा ४७०० चे चालत नाहीत. १० स्पीड माउंटन डिरेलरबरोबर तर त्यांतील एकही चालत नाही. याहून नव्या मिश्रणांमध्ये अंदाजाने पैसे घालू नयेत. पुढे एकच चेनरिंग आणि मागे १० ते ५१ अशी पूर्ण माउंटन ड्राइव्हट्रेन जड सामान आणि कच्चा रस्ता यांसाठी निःसंशय सोपी आहे, पण ती रोड सायकलवर आणायची तर शिफ्टर, डिरेलर, फ्रीहब, कॅसेट, चेन आणि क्रँक असे सगळेच बदलावे लागते. एवढा खर्च करण्यापूर्वी मुळात माउंटन बाईकच घेऊन जावी का, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

कोणताही बदल केल्यावर तो स्टँडवर सगळ्या जोड्यांतून फिरवून पाहावा, मग सामान लादून जवळच्या सर्वांत खड्या चढावर बसूनच, उभे न राहता, हलक्यात हलका गिअर लावावा. ओझ्याखाली गिअर बदलताना जो कटकट आवाज येतो तो स्टँडवर कधीच येत नाही. मिनिटाला पेडलच्या फेऱ्याही तेथे मोजाव्यात. कमी उंचीवरच ६० च्या खाली आल्या तर वर काय होईल ते स्पष्ट आहे.

कोठे थांबावे

हँगर वाकलेला असेल आणि फ्रेम ॲल्युमिनियमची किंवा कार्बनची असेल, तर तो हाताने सरळ करू नये. सुटा हँगर असेल तर नवा बसवावा. फ्रेमचाच भाग असेल तर योग्य गेज असलेल्या मेकॅनिककडे न्यावे. हँगरच्या आट्यांपाशी किंवा क्रँकमध्ये भेग दिसली, प्रेस-फिट बॉटम ब्रॅकेट (फ्रेममध्ये दाबून बसवलेले क्रँकचे बेअरिंग) काढण्याची वेळ आली, क्रँक काढताना आटे फिरत असतील, फ्रीहब दोन्ही बाजूंना घसरत असेल किंवा इलेक्ट्रॉनिक गिअर नव्या कॅसेटशी जुळत नसेल, तर हत्यार खाली ठेवावे. कॅसेटची लॉकरिंग ४० न्यूटन-मीटर इतकी घट्ट असते. लॉकरिंगचे खास हत्यार आणि चेन-व्हिप (कॅसेट धरून ठेवणारे हत्यार) नसताना पकडीने ती उघडू नये. एल स्क्रू नीट लावूनही चेन आऱ्यांकडे जात असेल तर त्या सायकलवर घाटाला निघूच नये.

गुडघ्याचे दुखणे गिअर हलका करून आणि काही दिवस विश्रांती घेऊनही राहिले, गुडघा सुजला किंवा अडकू लागला, तर डॉक्टरांना दाखवावे.

आणि शेवटचे. ३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. डोके दुखत असेल आणि त्याबरोबर मळमळ, उलटी किंवा चक्कर असेल, तर त्या दिवशी आणखी वर चढू नये. विश्रांती घेत असतानाही धाप लागत असेल, खोकला थांबत नसेल, बोलणे असंबद्ध होत असेल किंवा सरळ रेषेत चालता येत नसेल, तर सायकल तेथेच सोडून सोबत्याच्या मदतीने, रात्र असली तरी, ताबडतोब खाली उतरावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी.